एलएसटी-३२५ : जहाज, स्मारक संस्था आणि खलाशांची कुटुंबे

अमेरिकेतील इंडियाना राज्यात ओहायो नदीच्या काठी एव्हान्सव्हिल हे शहर आहे. समुद्र तिथून शेकडो मैल दूर. तरीही या शहराच्या धक्क्यावर दुसऱ्या महायुद्धातले एक सागरी जहाज नांगरलेले असते आणि शरद ऋतूत ते स्वतःच्या इंजिनांच्या बळावर नदीमार्गे गावोगावच्या फेरीला निघते. ‘यूएसएस एलएसटी-३२५’ हे त्याचे नाव. एलएसटी म्हणजे ‘लँडिंग शिप, टँक’, रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारे जहाज. ते चालवणारी स्मारक संस्था युद्धावर गेलेल्या खलाशांनी स्थापन केली. त्यांपैकी बहुतेक जण आता हयात नाहीत. जहाजाची देखभाल आणि त्याच्या आठवणींची जपणूक आज मुख्यतः पुढच्या पिढ्यांकडे आहे. संस्थेचा इतिहास सांगायचा तर आधी जहाजाचा सांगावा लागतो, कारण या जातीची जहाजे कशी होती हे कळल्याशिवाय त्यांवरच्या माणसांचा शोध इतका अवघड का ठरला, ते उमगत नाही.

१९४० मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावरून ब्रिटिश फौजा मायदेशी परतल्या, पण त्यांची अवजड युद्धसामग्री फ्रान्समध्येच राहिली. युरोपात पुन्हा पाऊल ठेवायचे तर रणगाडे बंदराशिवाय, उघड्या वाळूवर उतरवता आले पाहिजेत, हे तेव्हाच स्पष्ट झाले. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवरात ये-जा करणारी उथळ बुडीची तीन तेलवाहू जहाजे ब्रिटिशांनी या कामासाठी बदलून घेतली. पण युद्धाची गरज तीन जहाजांनी भागणारी नव्हती. नोव्हेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश शिष्टमंडळ अमेरिकेत पोहोचले आणि अमेरिकी नौदलाच्या जहाजबांधणी विभागातील जॉन नीडरमायर यांनी काही तासांत एक आराखडा कागदावर उतरवला. युद्धकाळात अमेरिकेत बांधलेली या जातीची सगळी जहाजे मूलतः त्याच आराखड्यावरची आहेत.

नीडरमायर यांच्यापुढचा प्रश्न असा होता : महासागर ओलांडायला जहाज पाण्यात खोल बसले पाहिजे आणि किनाऱ्याला लागायला ते उथळ तरंगले पाहिजे. पाणबुडीत असतात तशा पाण्याच्या टाक्या पोटात बसवून त्यांनी तो सोडवला. खोल समुद्रात टाक्या भरायच्या आणि किनारा जवळ आला की उपसून टाकायच्या. त्यामुळे ३२८ फूट लांब आणि ५० फूट रुंद असे हे धूड पुढच्या बाजूला जेमतेम चार फूट पाण्यात तरंगत वाळूला टेकू शकत असे. किनारा काही अंतरावर असतानाच मागच्या बाजूने नांगर सोडला जाई. माल उतरला की त्याच नांगराचा दोर यंत्राने गुंडाळत जहाज स्वतःला मागे ओढून घेई. समोरची दोन प्रचंड दारे उघडली की मधला उतार वाळूवर पडे आणि वीसच्या आसपास रणगाडे आपल्या पायांनी बाहेर पडत. बंद पोटात एकाच वेळी इतकी इंजिने सुरू झाल्यावर धुराने माणसे गुदमरतील, ही भीती होती. म्हणून केंटकी राज्यातील फोर्ट नॉक्स येथे जहाजाच्या पोटाएवढी एक इमारत १९४२ मध्ये बांधली गेली आणि तिच्यात रणगाडे चालवून हवा खेळती ठेवण्याच्या पद्धती तपासल्या गेल्या. ती इमारत अजूनही उभी आहे.

सपाट तळामुळे या जहाजाला समुद्रात स्थैर्य नव्हते. साध्या लाटांवरही ते दोन्ही बाजूंना कलंडत राही. वेग ताशी दहा-बारा सागरी मैलांच्या पुढे जात नसे. शत्रूच्या दृष्टीने आपण मोठे, संथ आणि सोपे सावज आहोत, असे त्यावरचे खलाशी स्वतःच म्हणत. नऊ-दहा अधिकारी आणि शंभरच्या वर खलाशी एवढाच त्याचा ताफा. त्यांतले बरेचसे नागरी जीवनातून आलेले राखीव दलातले तरुण होते आणि अनेकांनी त्याआधी समुद्र पाहिलेला नव्हता.

जून १९४२ मध्ये न्यूपोर्ट न्यूज येथे पहिल्या जहाजाचा पाया घातला गेला आणि युद्ध संपेपर्यंत अमेरिकेत १,०५१ एलएसटी तयार झाली. किनाऱ्यावरच्या मोठ्या गोद्या विमानवाहू आणि विनाशिका बांधण्यात गुंतल्या होत्या, म्हणून या जहाजांचे काम देशाच्या आतल्या नद्यांकाठी नेण्यात आले. इलिनॉयमधील सेनेका, इंडियानातील जेफरसनव्हिल, पेनसिल्व्हेनियातील अँब्रिज आणि पिट्सबर्गजवळचे नेव्हिल बेट येथे पूल आणि पोलादी सांगाडे बनवणाऱ्या कंपन्यांनी जहाजे जोडायला सुरुवात केली. एव्हान्सव्हिलच्या नदीकाठी १९४२ मध्ये जो कारखाना उभा राहिला, तो अशा अंतर्देशीय कारखान्यांत अग्रेसर ठरला. तिथे १६७ एलएसटी बांधल्या गेल्या. ऐन भरात १९ हजारांवर माणसे कामावर होती आणि वेल्डिंगच्या कामावर स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या. तयार जहाज आडवेच नदीत ढकलले जाई, मग ओहायो आणि मिसिसिपी नद्यांतून मेक्सिकोच्या आखातापर्यंत जाई. जे शहर आज या स्मारकाचे घर आहे, त्याचा या जहाजांशी असलेला संबंध असा घामाचा आहे. मात्र एलएसटी-३२५ स्वतः एव्हान्सव्हिलचे नाही. ते फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत बांधले गेले, ही गोष्ट तिथले मार्गदर्शकही आवर्जून सांगतात.

एक बाब कुटुंबांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. या जहाजांना नावे नव्हती. युद्धनौकांना राज्यांची, क्रूझरांना शहरांची आणि विनाशिकांना वीरांची नावे मिळत, एलएसटीला मिळे तो फक्त क्रमांक. १९५५ मध्ये सेवेत आणि राखीव ताफ्यात उरलेल्या अनेक जहाजांना काउंट्यांची नावे दिली गेली, पण तोवर बहुतेक जहाजे भंगारात, विक्रीत किंवा दुसऱ्या देशांच्या ताब्यात गेली होती. वडील ‘मिसूरी’ या युद्धनौकेवर होते म्हणणाऱ्या मुलाला कोणत्याही ग्रंथालयात जाड पुस्तक मिळे. वडील कुठल्याशा तीन अंकी जहाजावर होते, एवढेच माहीत असलेल्या मुलाच्या हाती काही लागत नसे.

एलएसटी-३२५ चे जलावतरण २७ ऑक्टोबर १९४२ रोजी झाले आणि १ फेब्रुवारी १९४३ रोजी लेफ्टनंट आयरा एरेन्सॉल यांच्या आधिपत्याखाली ते नौदलात दाखल झाले. वसंत ऋतूत ते उत्तर आफ्रिकेत पोहोचले. जुलैमध्ये सिसिलीतील जेला आणि सप्टेंबरमध्ये सालेर्नो येथील मोहिमांत त्याने भाग घेतला, मग फ्रान्समधील नॉर्मंडीवरच्या स्वारीच्या तयारीसाठी ते इंग्लंडला आले. ५ जून १९४४ रोजी ते फाल्मथहून निघाले. नॉर्मंडीतील ओमाहा किनाऱ्यासाठी राखून ठेवलेल्या दुसऱ्या फळीत त्याचा समावेश होता आणि ७ जून रोजी त्याने तिथे माणसे व वाहने उतरवली. त्यानंतर एप्रिल १९४५ पर्यंत इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये त्याने चाळीसहून अधिक खेपा केल्या. जाताना रणगाडे, ट्रक आणि सैनिक, येताना जखमी आणि युद्धकैदी. रणगाड्यांच्या डेकवर दोन्ही भिंतींना स्ट्रेचर अडकवण्याची सोय केलेली होती. नॉर्मंडीहून इंग्लिश खाडी ओलांडून एलएसटी जहाजांनी परत आणलेल्या जखमींचा आकडा ४१,०३५ असा नोंदलेला आहे. युद्धाच्या पुस्तकांत किनाऱ्यावर धावत सुटलेला सैनिक दिसतो, त्याला रात्रभर जपून परत आणणारा खलाशी क्वचितच दिसतो. स्मारक उभारण्याच्या प्रयत्नांमागे ही खंत होती आणि ती रास्त होती.

२८ डिसेंबर १९४४ रोजी ‘एम्पायर जॅव्हलिन’ हे सैनिकवाहू जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडाले. त्यावरच्या सुमारे ७०० सैनिकांच्या सुटकेत एलएसटी-३२५ चा वाटा होता. या कामगिरीबद्दल जहाजाचे तेव्हाचे कप्तान क्लिफर्ड मोझियर यांना ब्राँझ स्टार पदक मिळाले. मे १९४५ मध्ये जहाज बेलफास्टहून निघून अमेरिकेला परतले आणि २ जुलै १९४६ रोजी फ्लोरिडातील ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज येथे सेवेतून बाहेर काढले गेले. १९५० च्या दशकात ग्रीनलंड आणि पूर्व कॅनडाच्या किनाऱ्यावरील रडार केंद्रांसाठी माल नेण्याचे काम त्याने केले. १९६४ मध्ये ते ग्रीसला देण्यात आले. ग्रीक नौदलात ‘सायरॉस’ या नावाने ते १९९९ पर्यंत राबले. या दीर्घ सेवेमुळेच ते वाचले. त्याची बहुसंख्य भावंडे तोवर वितळवून झाली होती.

खलाशी मात्र विखुरले होते. युद्धावरून परतलेले हे तरुण शेतीत, कारखान्यांत, दुकानांत रमले. जे पाहिले त्याविषयी घरी बोलायचे नाही, हा त्या पिढीचा स्वभाव होता. निवृत्तीचे वय जवळ आले तशी बोलण्याची गरज वाटू लागली. १९८५ मध्ये ओहायो राज्यात मिलन गुंजॅक यांच्या पुढाकाराने ‘युनायटेड स्टेट्स एलएसटी असोसिएशन’ स्थापन झाली. तिचे ‘स्कटलबट’ हे नियतकालिक निघू लागले आणि वार्षिक संमेलने भरू लागली. अमुक क्रमांकाच्या जहाजावर तमुक साली असणाऱ्यांनी पत्र पाठवावे, अशा चार ओळींच्या सूचनांतून चाळीस-चाळीस वर्षे तुटलेले संबंध जुळले. संमेलनांना खलाशांबरोबर पत्नी आणि मुलेही येत. घरी कधी न ऐकलेल्या गोष्टी त्यांनी बापाच्या जुन्या सोबत्याच्या तोंडून प्रथम ऐकल्या. पुढे जे कुटुंब-संशोधन उभे राहिले, त्याचे मूळ या संमेलनांच्या जेवणाच्या टेबलांवर आहे.

इतक्या जहाजांपैकी एक तरी जपले जावे, ही मागणी याच वर्तुळातून पुढे आली आणि त्यासाठी स्वतंत्र स्मारक संस्था नोंदवण्यात आली. चालू स्थितीतील जहाज अमेरिकेत मिळेना, म्हणून परदेशी नौदलांकडे चौकशी सुरू झाली आणि ग्रीसच्या ताफ्यातील जुने ३२५ नजरेत भरले. एका देशाच्या नौदलाकडून दुसऱ्या देशातील खाजगी संस्थेला युद्धनौका मिळवून देणे सोपे नसते. त्यासाठी अमेरिकी काँग्रेसची संमती मिळवावी लागली. २००० च्या उन्हाळ्यात माजी खलाशांची तुकडी क्रीट बेटावरील सूडा उपसागरात पोहोचली. जहाज वर्षभर बंद पडलेले होते. इंजिने, पंप, वीजव्यवस्था, स्वयंपाकघर, सारे त्यांना स्वतःच्या हातांनी दुरुस्त करावे लागले, तेही ग्रीसच्या रणरणत्या उन्हात. प्रवास आणि राहण्याचा बराचसा खर्च ज्याचा त्याने केला. इंधन ब्रिटिश पेट्रोलियम कंपनीने देणगी म्हणून दिले.

नोव्हेंबर २००० मध्ये जहाज निघाले. कप्तान होते रॉबर्ट जॉर्नलिन. २९ जणांच्या या ताफ्याचे सरासरी वय ७२ होते. जिब्राल्टरला मुक्काम पडला. हिवाळ्यात, ५८ वर्षांच्या जहाजातून आणि या वयाच्या माणसांनी अटलांटिक ओलांडू नये, असे अमेरिकी तटरक्षक दलाचे मत होते. ते मत चुकीचे म्हणता येणार नाही. पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायचे तर किती जण उरतील, हा हिशेब खलाशांना जास्त नीट कळत होता. डिसेंबरमध्ये त्यांनी जिब्राल्टर सोडले आणि १० जानेवारी २००१ रोजी अलाबामा राज्यातील मोबाईल बंदरात ते पोहोचले. जवळपास साडेसहा हजार मैलांचा हा प्रवास होता. धक्क्यावर हजारोंचा जमाव स्वागताला उभा होता. संस्थेच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना आहे आणि ती घडवणारे बहुतेक हात विशीत असताना अशाच जहाजांवर राबलेले होते.

मोबाईलमध्ये जहाजाची डागडुजी झाली. २००३ मध्ये ते मिसिसिपी आणि ओहायो नद्यांतून वर एव्हान्सव्हिलला भेटीस गेले आणि दहा दिवसांत ३५ हजारांहून अधिक लोकांनी ते पाहिले. त्या गर्दीत जुन्या कारखान्यातल्या कामगार स्त्रियाही होत्या, ऐंशीच्या घरातल्या. हा प्रतिसाद पाहूनच संस्थेने कायमचा मुक्काम हलवण्याचा निर्णय घेतला. २००५ च्या उन्हाळ्यात पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांचा दौरा करून ऑक्टोबरमध्ये जहाज एव्हान्सव्हिलला आले. २००९ मध्ये त्याची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. २०२० मध्ये ते शहराच्या मध्यभागी असलेल्या नदीकाठी आणले गेले आणि जवळच स्वागतकक्ष व संग्रहालयाची सोय झाली.

जहाज परत आल्यावर संस्थेकडे येणाऱ्यांचे स्वरूप बदलत गेले. सुरुवातीला स्वतः खलाशी येत. पुढे खलाशाला आधार देत त्याची मुले येऊ लागली. आता येतात ती मुले आणि नातवंडेच, बऱ्याचदा हातात एक फोटो आणि एक क्रमांक घेऊन. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : आमचा माणूस नॉर्मंडीला होता का? उत्तर कागदांत असते आणि ते शोधण्याची एक रीत आता रूढ झाली आहे.

शोधाची सुरुवात घरापासून करणे शहाणपणाचे. सैनिकी पत्रव्यवहारावर सेन्सॉरची कात्री चाले, त्यामुळे पत्रात ठिकाण सापडत नाही. पण पाकिटावर फ्लीट पोस्ट ऑफिसचा पत्ता असतो. तो न्यूयॉर्कचा असेल तर जहाज बहुधा अटलांटिकच्या बाजूला, सॅन फ्रान्सिस्कोचा असेल तर पॅसिफिकमध्ये. फोटोतल्या गणवेशाची बाही निरखून पाहावी. आडव्या-तिडव्या दोन नांगरांची खूण असेल तर डेकवरचे काम, तीन पात्यांचा पंखा असेल तर इंजिनखाना, रेड क्रॉस असेल तर औषधोपचार. खांद्याजवळ लाल पट्टीवर सोनेरी गरुड, नांगर आणि बंदूक दिसली, तर तो माणूस किनाऱ्यावर फौजा उतरवणाऱ्या दलातला, यात शंका नाही. सगळ्यांत मोलाचा कागद म्हणजे सेवामुक्तीचा दाखला. नौदलाच्या तेव्हाच्या छापील नमुन्यात कोणत्या जहाजांवर आणि तळांवर सेवा केली याचा रकाना असे. अनेक घरांत हा कागद विम्याच्या पावत्यांमध्ये पडून असतो आणि कोणी तो उलगडून पाहिलेला नसतो.

घरातले संपले की सेंट लुईस. तिथल्या राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्रात सैनिकांच्या सेवापुस्तिका ठेवलेल्या आहेत. १२ जुलै १९७३ रोजी तिथे लागलेल्या आगीत कोट्यवधी पुस्तिका जळाल्या, पण त्या भूदलाच्या आणि हवाई दलाच्या. नौदलाचे कागद वाचले. त्यामुळे एलएसटीवरच्या खलाशाचा माग लागणे पुष्कळदा शक्य असते. त्याच जहाजातून किनाऱ्याला उतरलेल्या भूदलाच्या सैनिकाच्या कुटुंबाला मात्र फिरून दुसऱ्या वाटा धुंडाळाव्या लागतात. सेवा संपून ६२ वर्षे उलटली की नौदलाची पुस्तिका कोणालाही मागता येते, म्हणजे महायुद्धातल्या जवळजवळ सगळ्याच पुस्तिका आता खुल्या आहेत. जवळचा नातेवाईक असल्याचा पुरावा लागत नाही. भाचे-पुतण्यांना आणि पणतवंडांना याचा मोठा फायदा झाला आहे.

सेवापुस्तिकेतून माणूस कळतो, हजेरीपटातून त्याचे जहाज कळते. अमेरिकी नौदलाच्या प्रत्येक जहाजाने ठरावीक काळाने वॉशिंग्टनला खलाशांची यादी पाठवली. १९३९ ते १९४९ या काळातल्या या याद्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेल्या असून मायक्रोफिल्मवरून त्यांच्या प्रती काढल्या गेल्या आहेत. एका पानावर टंकलिखित ओळी : नाव, सेवाक्रमांक, हुद्दा, भरतीची तारीख, जहाजावर रुजू झाल्याची तारीख. सोबत फेरबदलांचा वेगळा तक्ता. त्यात कोण कधी चढले, कोण उतरले, कोणाला कोणत्या इस्पितळात पाठवले. शोधणाऱ्यांची मोठी चूक इथेच होते. दाखल्यावर जहाजाचा क्रमांक पाहून ते त्या जहाजाची सगळी युद्धकथा आपल्या माणसाच्या नावावर टाकतात. तक्ता नीट वाचला तर कळते की तो त्या जहाजावर सप्टेंबर १९४४ मध्ये आला, म्हणजे जूनमध्ये नॉर्मंडीला तो नव्हताच, किंवा होता पण दुसऱ्याच जहाजावर. ज्या माणसाचा सन्मान करायचा, त्याच्या नावावर न केलेली लढाई टाकणे हा सन्मान नव्हे. जे त्याने केले ते पुरेसे असते.

तिसरा आधार जहाजाच्या रोजनिशीचा. खलाशांच्या पाळ्या चार-चार तासांच्या आणि प्रत्येक पाळीच्या शेवटी अधिकाऱ्याची नोंद व सही. स्थान, दिशा, वेग, वारा, इंधन, नांगर टाकला, नांगर उचलला. बहुतेक पाने कंटाळवाणी असतात. तरीही जाणकार कुटुंबे ती पानन्‌पान वाचतात, कारण एखाद्या तारखेला मध्यरात्री हवाई हल्ल्याचा इशारा झाल्याची ओळ येते आणि वडील आयुष्यभर झोपेतून का दचकून उठत, याचा पत्ता लागतो. याखेरीज युद्धकाळात जहाजांना महिन्याची युद्धदैनंदिनी आणि मोहिमेनंतरचा अहवाल पाठवावा लागे. रोजनिशी कोरडी, अहवाल बोलका. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की चित्र पूर्ण होते. नौदलाच्या अधिकृत जहाजकोशातील नोंद मात्र एलएसटीच्या बाबतीत बहुधा एखाद्या परिच्छेदात आटोपते. त्यावर विसंबू नये.

ज्यांची माणसे परत आलीच नाहीत, त्यांचा शोध वेगळा असतो. २८ एप्रिल १९४४ च्या पहाटे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, लाइम उपसागरात, नॉर्मंडीच्या रंगीत तालमीसाठी निघालेल्या एलएसटींच्या रांगेवर जर्मन टॉर्पेडो नौकांनी हल्ला केला. एलएसटी-५०७ आणि एलएसटी-५३१ बुडाल्या, एलएसटी-२८९ जबर जखमी झाली. सातशेहून अधिक सैनिक आणि खलाशी मृत्युमुखी पडले. खऱ्या मोहिमेचा सुगावा लागू नये म्हणून वाचलेल्यांना तोंड बंद ठेवण्याचा सक्त हुकूम होता. त्याच वर्षी २१ मे रोजी पर्ल हार्बरच्या वेस्ट लॉक भागात दारूगोळा भरताना स्फोट होऊन सहा एलएसटी नष्ट झाल्या, १६३ जण मेले आणि ३९६ जखमी झाले. ही माहितीही १९६० च्या सुमारापर्यंत गोपनीय राहिली. घरच्यांना तार मिळाली, तारीख मिळाली, पण कसे आणि कुठे हे अनेकांना दशकानुदशके कळले नाही. इंग्लंडमधील टॉरक्रॉस गावात केन स्मॉल या रहिवाशाने १९८४ मध्ये स्वखर्चाने समुद्रतळातून एक शर्मन रणगाडा वर काढून रस्त्याकडेला उभा केला. तो आज या मृतांचे स्मारक आहे आणि एप्रिलच्या अखेरीस तिथे श्रद्धांजलीचा कार्यक्रम होतो. हे काम एका सामान्य नागरिकाला हाती घ्यावे लागले, ही सरकारांना शोभणारी गोष्ट नव्हती.

ब्रिटिश नौदलाला अमेरिकेकडून शंभराहून अधिक एलएसटी मिळाल्या होत्या. त्यांवरच्या खलाशांची कुटुंबे लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातल्या नौदल विभागाच्या कागदांकडे वळतात. भारताचाही या जहाजांशी संबंध आहे. ब्रिटिश बनावटीची एक एलएसटी १९४९ मध्ये भारतीय नौदलात आली आणि ‘आयएनएस मगर’ झाली. युद्धात समुद्रावर मरण पावलेल्या आणि थडगे नसलेल्या रॉयल इंडियन नेव्हीच्या चारशेवर आणि भारतीय व्यापारी नौकांवरच्या सुमारे सहा हजार खलाशांची नावे मुंबई आणि चितगाव येथील स्मृतिग्रंथांत नोंदलेली आहेत. मुंबईची प्रत मशीद बंदर भागातील इंडियन सीमेन्स होममध्ये आहे. रत्नागिरी, रायगड भागातल्या ज्या घरांतून कोणी बोटीवर गेला आणि परतला नाही, त्यांच्यासाठी शोधाची पहिली पायरी हीच.

कागद पुरे झाल्यावर कुटुंबे एव्हान्सव्हिलला येतात, कारण कागदावरून जागा कळत नाही. हजेरीपटात ‘मोटर मशिनिस्ट’ एवढेच लिहिलेले असते. ३२५ च्या इंजिनखान्यात शिडीवरून उतरल्यावर बारा सिलिंडरांची दोन डिझेल इंजिने आणि त्यांच्यामधली माणूस जेमतेम वळेल एवढी वाट दिसते. वडिलांना उतारवयात ऐकू का येत नव्हते, याचे कारण तिथे दिसते. रणगाड्यांच्या डेकच्या दोन्ही बाजूंना सैनिकांच्या झोपण्याच्या खोल्या आहेत, साखळ्यांवर टांगलेल्या एकावर एक अरुंद पथाऱ्या, दोहोंमध्ये इतके कमी अंतर की वरच्याला न लागता कुशीवर वळणेही कठीण. ही जहाजे एकाच आराखड्याची असल्याने वडील ३२५ वर नसले तरी बिघडत नाही. त्यांचे जहाज असेच होते, शिडी याच जागी होती आणि चहा-कॉफीचा मग याच खिडकीतून मिळत होता. एक जहाज हजार जहाजांचे स्मारक ठरते ते यामुळे.

संस्थेचे रोजचे काम स्वयंसेवकांवर चालते. गंज खरवडणे, रंग देणे, पंप उघडून बसवणे, पाहुण्यांना जहाज दाखवणे, दुकान सांभाळणे ही कामे ते करतात. दरवर्षीच्या नदीफेरीत जहाज हाकणारा ताफाही स्वयंसेवकांचाच असतो. सुटे भाग आता बाजारात मिळत नाहीत, ते जुन्या साठ्यांतून शोधावे लागतात किंवा घडवून घ्यावे लागतात. ठरावीक वर्षांनी जहाज कोरड्या गोदीत चढवून तळाचे पत्रे तपासावे लागतात. हा खर्च मोठा असतो आणि तिकिटे व देणग्या यांतून तो उभा करावा लागतो. नदीफेरी उत्पन्नासाठी जितकी आवश्यक, तितकीच वयोवृद्ध खलाशांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. ज्यांना एव्हान्सव्हिल गाठता येत नाही, त्यांच्या गावच्या घाटाला जहाजच येऊन लागते.

अमेरिकेत संग्रहालय म्हणून जपलेले दुसरे एलएसटी मिशिगन राज्यातील मस्कीगनला आहे. एलएसटी-३९३ युद्धानंतर ‘हायवे १६’ या नावाने सरोवरातून नव्या मोटारी वाहत असे आणि तेही आता माजी सैनिकांचे संग्रहालय झाले आहे. नॉर्मंडीला गेलेले एलएसटी-५१० लाँग आयलंडच्या खाडीत अनेक वर्षे ‘केप हेनलोपन’ या नावाने प्रवासी फेरीबोट म्हणून चालले. मात्र युद्धकाळातल्या रूपात स्वतःच्या इंजिनांवर प्रवास करणारे म्हणून ३२५ चे स्थान वेगळे आहे.

प्रत्यक्ष साक्षीदार संपत आले आहेत आणि जी माहिती अभिलेखागारांत नाही, ती आता फक्त घरांत उरली आहे. टोपणनावे, स्वयंपाक्याची तऱ्हा, फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली तारीख यांची नोंद कोणत्याही सरकारी कागदात नसते. ज्या कुटुंबांत अशा जहाजावरच्या माणसाची पत्रे किंवा छायाचित्रे असतील, त्यांनी फोटोतल्या प्रत्येक ओळखीच्या चेहऱ्याचे नाव मागे लिहून ठेवावे, जहाजाचा क्रमांक आणि सेवेचा काळ हजेरीपटाशी ताडून पाहावा आणि मूळ कागद स्वतःजवळ ठेवून त्यांच्या प्रती अशा संग्रहालयांकडे द्याव्यात.